वंशावळ काढायला बसलो अन् 'बेवा भिवाजी'पाशी अडकलो

गोदाकाठचा_६३

नमस्कार मंडळी. २०२१ ला पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो. पहिलं वर्ष पेन्शनच्या कागदात गेलं, त्यानंतर नुसता घरात येरझाऱ्या. बायको म्हणाली काहीतरी काम काढा नाहीतर मी माहेरी जाते. तेवढ्यात पुतणीच्या व्हॅलिडिटीचं (जातीचा दाखला तपासून घ्यायचं) निघालं. व्हॅलिडिटी म्हटलं की वंशावळ आलीच, अन् ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून गावाकडं चकरा सुरू झाल्या (गाव गंगाखेडकडं, गोदावरीपासून जवळच). भावकीतल्या काकांकडं शंभर पानी वहीत मधोमध काढलेलं झाड होतं, त्यावरून शपथपत्र केलं, पोरीचं काम झालं. पण मला जी चटक लागली ती काही सुटंना. आता सकाळी चहा झाला की पेपरच्या आधी ते कागदच काढून बसतो.

तर मी जिथं अडकलोय ते सांगतो. वहीतलं झाड असं: मारोती, त्याचा भिवाजी, त्याचा ग्यानोबा, ग्यानोबाचे माझे वडील अन् दोन चुलते. ग्यानोबा म्हणजे माझे आजोबा. १९५४-५५ च्या खासरा पाहणीत (जमिनीच्या जुन्या रजिस्टरात) 'ग्यानोबा पि. भिवाजी', म्हणजे पिता भिवाजी, असं साफ लिहिलंय, तिथवर काही अडचण नाही. त्याच्या मागचे निजामाच्या काळातले काही कागद हाती लागले, सगळे उर्दूत. गंगाखेडच्या एका चाचांनी वाचून दिले. त्यात काही साल भिवाजीचं नाव आहे अन् मग एकदम नाव गायब आणि 'बेवा भिवाजी'. भिवाजीची विधवा. बाईचं नावच नाही. चार सालं असंच, 'बेवा भिवाजी', अन् मग डायरेक्ट ग्यानोबा.

आता दोन गोष्टी डोक्यात घोळायल्यात. आजी म्हणायची, "तुमचा आजा काय इथं जल्मला नाही, बैलगाडीत बसून आलाय." आम्ही लेकरं हसायचो. दुसरी गोष्ट, आमच्या भावकीचं सगळं तुळजापूरला, पण फक्त आमच्या घरात माळेगावच्या खंडोबाचा एक नारळ वेगळा फुटतो. का, कुणाला माहीत नाही. वडलांना विचारलं होतं तर "फुटतो म्हणून फुटतो" एवढंच.

काल सगुणीच्या पट्टीत लिंबाखाली बसून हेच कागद उलटेपालटे करत होतो, सालगडी म्हणला मालक कोर्टाचं काही आहे का. फोटो टाकायचे आहेत, कसे टाकायचे ते कुणी सांगा. अन् ही बेवा कोण ते कसं शोधायचं तेही सांगा.

निवृत्त_मुदर्रिस

आदाब. गोदाकाठ साहेब, मी ३१ वर्षं उर्दू शाळेत शिकवलं, असे कागद लोक अजून घेऊन येतात. आधी साल नीट लावून घ्या, निम्मे घोटाळे तिथंच होतात. हैदराबाद संस्थानचं फसली साल, म्हणजे महसुलाचं वर्ष, ६ ऑक्टोबरच्या आसपास, आजूर महिन्यात सुरू व्हायचं. आजूर, दै, बहमन हे पहिले तीन महिने असले तर ५९० मिळवा, पुढं इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१, की इसवी सन निघतं. म्हणजे पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची, तर ते साल १३५७ फसली. लोक सरसकट ५९० मिळवतात अन् मग आजोबा बापाच्या आधी जन्मतात.

शब्दांचं म्हणाल तर 'वल्द' म्हणजे चा मुलगा, 'जौजा' म्हणजे बायको, 'बेवा' तुम्हाला कळलंच, 'साकिन' राहणार, 'मुतवफ्फी' मयत. आणि एक शब्द खास बघा, 'मुतबन्ना'. दत्तक. शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या अक्षरात तो शब्द घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. शेऱ्याच्या रकान्यात बघा. ज्या फसलीत 'बेवा' पहिल्यांदा आलं ते साल कोणतं?

कशाला_बुवा

एवढं उकरून काय मिळणार? आमच्या भावकीत एकानं असंच झाड काढलं अन् त्यातनं बांधाची केस निघाली, अजून चालूय. सुखानं पेन्शन खा.

गोदाकाठचा_६३

बुवा, केस नको म्हणूनच इथं विचारायलोय, गावात नाही :)

सर, बेवा पहिल्यांदा १३२८ फसलीत आहे. तुमच्या हिशोबानं १९१८-१९.

निवृत्त_मुदर्रिस

१३२८. मग साहेब भिवाजी कशानं गेले ते कागदात नसलं तरी अंदाज बांधता येतो.

वसमतची_माहेरवाशीण

मानमोडी! १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटाला आलेली साथ. माझ्या आजीच्या घरात एका आठवड्यात पाच माणसं गेली होती, एकाला जाळून येईस्तोवर दुसरा. ती कायम काळ मोजायची तो असाच, "मानमोडीच्या आधी" अन् "मानमोडीच्या नंतर". जन्मतारखा तर सगळ्यांच्या १ जूनच्या, मास्तरांनी बसवलेल्या, त्यामुळं आमच्याकडं अशाच खुणा आहेत, मानमोडी, रझाकार, बहात्तरचा दुष्काळ.

काका, एक सांगू का, राग मानू नका. तुमच्या वहीतल्या झाडात बाई एक तरी आहे का? मी माझ्या सासरचं काढलं तेव्हा नऊ पिढ्या निघाल्या अन् त्यात एक सुद्धा बाईचं नाव नाही. नऊ पिढ्या बाप्यांनीच काढल्या वाटतं. मग मी उलटं सुरू केलं, दिल्या घरी गेलेल्या आत्या, मावश्या, त्यांच्या लेकी. दिलेली पोरगी माहेरचं कधी विसरत नाही, घरात राहिलेला भाऊ विसरतो. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड केल्या तर त्यात मामाची नावं, गावांची नावं, कोण कुठं दिली, सगळं. त्या ओव्यांतनं मला दोन अशी गावं सापडली जी कुठल्याच कागदात नव्हती.

आणि त्र्यंबकला जाऊन या. तीर्थोपाध्यायांकडं वह्या असतात, आडनाव अन् गाव सांगितलं की काढतात. माझ्या आजेसासऱ्यांची स्वतःच्या हातची सही होती, सोबत आईचं नाव पण घातलं होतं त्यांनी. मी तिथं ओट्यावर बसून रडले, सांगायला लाज नाही.

औसा_३०सप्टेंबर

आमच्याकडं वह्या नाहीत, संदूक नाही, काही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे पावणेचार-चारला सगळं ढिगाऱ्यात गेलं. मी तेव्हा लातूरला हॉस्टेलवर होतो म्हणून हे टाइप करायलोय. कागद गेले ते गेले, पण जी माणसं नावं सांगायची ती पण गेली, हे जास्त आहे. ताई म्हणतात ते खरंय, मला पण जे काही मिळालं ते कर्नाटकात दिलेल्या एका आत्याकडून. तिला आमच्या वाड्याच्या खोल्या शेवटपर्यंत मोजता यायच्या. मी एक वही केली, तिला दर दिवाळीला जाऊन विचारायचो. आता ती पण नाही. ज्यांची म्हातारी माणसं आहेत त्यांनी तहसीलला नंतर जा, आधी त्यांच्यापाशी बसा.

पुण्यातला_उदगीरकर

माझे दोन पैसे. जिल्हा कोणता हे आजच्या नकाशावरून ठरवू नका. आमचं उदगीर, शेजारचं अहमदपूर, निलंगा हे १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. मी दोन वर्षं उस्मानाबादेत शोधत बसलो, काय सापडणार. किनवटवाल्यांचं आदिलाबादला. अंबाजोगाईचं कागदात मोमिनाबाद म्हणून येईल. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा, त्यामुळं जुन्या नोंदी मूळ जिल्ह्याच्या नावानंच असतात. इनामाची जमीन असेल तर मुंतखब (इनामाचा मंजुरीचा कागद) अन् वरासतीची (वारसाची) फाईल बघा, त्यात 'कुर्सीनामा' लावलेला असतो. कुर्सीनामा म्हणजे वंशावळच, पण दरबारात दाखल केलेली, त्यामुळं खोटं बोलायला थोडी भीती :) हैदराबादला तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे, तिथं निजामाच्या काळाचा मोठा साठा आहे, मी एकदा जाऊन आलोय, उर्दू-फारसी येणारा माणूस सोबत न्या.

झाड ठेवायला मी फॅमिलीसर्च वापरतो, फुकट आहे. पण त्यात 'आडनाव' भरल्याशिवाय पुढं जाणं अवघड अन् आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी आडनाव होतं कुणाला? कुणी पाटील, कुणी नुसता भिवा.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळं निजामकालीन बरेच कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आलेत, ते पण चाळा. त्यानिमित्तानं

धागा_चालक

उदगीरकर, पुढचा परिच्छेद उडवलाय. आरक्षणावर वेगळा धागा आहे, तिकडं भांडा. इथं फक्त वंशावळ.

पुण्यातला_उदगीरकर

बरं बाबा.

गोदाकाठचा_६३

पुतण्यानं फोटो टाकून दिले. ताई, राग कसला, वहीत खरंच एक पण बाई नाही. माझ्या आईचं सुद्धा नाही हो. मीच शपथपत्रावर ते झाड जसंच्या तसं उतरवून सही केली अन् लक्षात पण आलं नाही.

निवृत्त_मुदर्रिस

फोटो बघितला, चष्मा बदलून बघितला, मग लेकाच्या लॅपटॉपवर मोठा करून. तुमच्या चाचांनी बरोबर वाचलंय पण शेरा सोडला. १३२९ फसलीच्या ओळीत शेऱ्यात आहे: ग्यानोबा वल्द रखमाजी, मुतबन्ना-ए-भिवाजी मुतवफ्फी. खाली रखमाजीच्या नावापुढं साकिन म्हणून गाव लिहिलंय ते मी तुम्हाला वेगळं मेसेज करतो, तालुका कंधार.

म्हणजे साहेब, तुमचे आजोबा भिवाजीच्या रक्ताचे नाहीत. दत्तक आहेत. जन्मदाता रखमाजी, कंधार तालुक्यातला. बैलगाडीत बसून आले, हे आजीनं खरं सांगितलं होतं.

पुण्यातला_उदगीरकर

कंधार!! अहो माळेगाव तिकडंच. आता लोह्यात आहे, पण लोहा आधी कंधारमध्येच होतं. तुमचा वेगळा नारळ.

गोदाकाठचा_६३

दोन तास झाले, काय टाइप करावं कळंना. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणती "मग काय झालं, शेत तर तेच." बाहेर जाऊन येतो.

कशाला_बुवा

मी म्हणलं होतं. आता भावकी म्हणंल तुम्ही आमचे नाहीतच.

परभणी_बार_रूम

वकील आहे, म्हणून बोलतो. घाबरू नका. शंभर वर्षांपूर्वीचं दत्तक, ताबा सलग, नोंदी सलग, कुणी काही करत नाही. दत्तक गेलेला मुलगा त्या घरचाच, कायद्यात तरी. फक्त मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि दत्तकपत्र शोधा. त्या काळात बऱ्याचदा गावातच मोडीत लिहून, पंचांच्या साक्षी घालून ठेवायचे. ज्यांना दत्तक नको होतं त्यांच्याच घरात ते सापडायची शक्यता जास्त, कारण त्यांनीच ते जपलं असतं, भांडायला :)

गोदाकाठचा_६३

वकील साहेब, तुमचे पाय कुठं आहेत. लिहायला तीन आठवडे लागले त्याबद्दल माफी, गुडघ्याचं दुखणं निघालं होतं मधी.

वहीवाल्या काकांकडंच गेलो. आधी इकडचं तिकडचं बोललो, कापसाचा भाव, पाऊस, त्यांच्या सुनेनं दोनदा चहा केला. मग सरळ विचारलं, काका, ग्यानोबा दत्तक होते का. म्हातारा गप्प. मग म्हणला, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हणलं कागदानं. तेव्हा उठला, आतल्या खोलीत गेला, संदुकीतनं एक पितळी डबा काढून आणला. तांदळाच्या डब्यासारखा. आत गुंडाळलेला कागद, घड्यांवर फाटलेला, वर वाळवीनं खाल्लेला कोपरा. म्हणला, "आमच्या आज्यानं ठेवलं होतं, केस टाकायची म्हणून. टाकली नाही. नंतर तुझ्या बापानं अन् मी संगं शाळा केली, मग कशाची केस. पण फेकवलं बी नाही." एवढं बोलून परत कापसावर आला.

कागद मोडीत आहे. मला कळतं ते एवढंच की वर एक लांब रेघ अन् खाली अक्षरं लटकलेली. फोटो टाकतोय.

मोडी_शिकतोय_बीड

काका, मी पुराभिलेखवाल्यांची मोडीची परीक्षा दिलीय, पण हे अक्षर घाईचं आहे अन् मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पण बघत नाहीत, त्यामुळं चुकलं तर सांभाळून घ्या. रात्रभर बसून काढलंय ते सांगतो.

सुरुवात शके १८४१ सिद्धार्थी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष. म्हणजे १९१९ चा शेवट, मुदर्रिस सरांच्या १३२९ फसलीशी बरोबर जुळतं. लिहून देणार बाई आहे. '...णाबाई कोम भिवाजी', कोम म्हणजे बायको. नावाचा पुढचा भाग नेमका घडीवर गेलाय. कृष्णाबाई, सगुणाबाई काहीही असू शकतं. ती म्हणते की आपले भ्रतार व दोन पुत्र सालगुदस्त (मागच्या साली) साथीत मयत झाले, पोटी संतान राहिलं नाही, सबब आपली सख्खी बहीण कोम रखमाजी हिचा धाकटा पुत्र ग्यानोबा, उमर वर्षे सात, हा दत्तक घेतला. पुढं जमिनीच्या चतुःसीमा आहेत. बहिणीचं पण नाव नाही, नुसतं 'सख्खी बहीण'.

खाली साक्षी. रखमाजीची सही नाही, 'निशाणी नांगर', नांगराचं चित्र काढलंय. बाकी दोघांचा पण नांगर. आणि सगळ्यात खाली बाईची निशाणी. 'निशाणी बांगडी'.

वसमतची_माहेरवाशीण

म्हणजे नवरा गेला, दोन लेकरं गेली, एका साथीत, अन् वर्षभरात तिनं भावकीतला पोरगा न घेता बहिणीचा आणला. तेवढ्यासाठी दिरांशी भांडली असणार, उगाच नाही तो कागद दुसऱ्याच्या डब्यात राहिला.

गोदाकाठचा_६३

बांगडीचा फोटो मोठा करून बघितला. बांगडी कागदावर ठेवून भोवती बोरू फिरवलाय असं वाटतंय, पूर्ण गोल नाही, एका जागी सुटलंय, तिथं शाईचा ठिपका पडलाय. लहान आहे हो. माझ्या नातीच्या हाताएवढी. त्या बाईचं वय तेव्हा पंचवीस तरी असंल का?

सात वर्षांचं लेकरू बैलगाडीत बसवून दिलं त्या दुसऱ्या बहिणीनं. तिचं काय झालं असंल ते पण डोक्यातनं जाईना.

फक्त नाव कळायला पाहिजे होतं. कृष्णाबाई का काय ते. आमच्या ८८ वर्षांच्या आत्याला फोन केला, ती म्हणती "आम्ही तिला बघितलंच नाही, बाबा तिला मोठी माय म्हणायचे." झालं.

वसमतची_माहेरवाशीण

काका, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की. "काल सगुणीच्या पट्टीत लिंबाखाली बसून."

त्या वावराला सगुणीची पट्टी का म्हणतात?

औसा_३०सप्टेंबर

अरे देवा.

मोडी_शिकतोय_बीड

थांबा, चतुःसीमा परत बघतो.

मोडी_शिकतोय_बीड

पूर्वेस ओढा, दक्षिणेस मारोतीच्या वंशजांची जमीन, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस गावठाण. काका, जुळतं का?

गोदाकाठचा_६३

जुळतं. ओढा आता कोरडा असतो, गाडीवाटेचा डांबरी रस्ता झालाय. पण जुळतं.

साठ वर्षं म्हणतोय मी सगुणीची पट्टी. लहानपणी तिथं ज्वारी राखायला जायचो, वडील म्हणायचे सगुणीच्या पट्टीत पाणी सोडून ये. विजेचं बिल त्याच मोटारीचं भरतो. मला वाटायचं सगुण म्हणजे शकुनाचं काहीतरी असंल, चांगलं पिकतं म्हणून.

आत्याला परत फोन लावला. "आत्या, मोठी मायचं नाव सगुणा का?" तर म्हणती, "मग पट्टी कुणाची व्हती?" जशी काही मीच येडा.

परभणी_बार_रूम

एवढी वर्षं महसुलाच्या केसेस चालवतोय, असा पुरावा मी बघितला नाही.

निवृत्त_मुदर्रिस

माशाअल्लाह. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, चष्म्याचा नंबर पण वाढलाय ते वेगळं.

लोह्याचं_पोरगं

गोदाकाठ काका, धागा पहिल्यापासून वाचतोय, अकाउंट परवाच काढलं. मुदर्रिस सरांनी तुम्हाला जे गाव मेसेज केलं ते तुम्ही मला काल पाठवलं होतं, ते आमच्यापासून सहा किलोमीटर. माझा मामा तिथं राहतो. त्यानं विचारलं, रखमाजीचं म्हणून ओळखतात असं एक घर आहे अजून, शेती करतात, दोन भाऊ. म्हातारी आजी आहे, तिला ऐकू कमी येतं पण सकाळी तरतरीत असते, दुपारी झोपते. सकाळी या. हुरडा चालू झालाय.

गोदाकाठचा_६३

पोरा, रविवारी निघतो. पहाटे पाचला निघालो तर नऊपर्यंत येतो. माळेगाव वाटेतच आहे, नारळ फोडून मग तुमच्याकडं. त्या आजीला फक्त एवढंच विचारायचंय की सगुणाच्या बहिणीचं नाव काय.

काकांना विचारलं, येता का सोबत. डबा घेऊन येतो म्हणालेत. मुदर्रिस सर, गाडीत एक जागा रिकामी आहे.

निवृत्त_मुदर्रिस

कमरेचं बघून शनिवारी सांगतो. हुरड्याला तिळाची चटणी असेल तर येतोच.